मेन पाडण्याआधी

काचवाला पडवीचं माप घ्यायला आला तेव्हा सकुबाई ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. या घरात हल्ली गोष्टी ठरून गेल्यावर तिच्या कानावर येत, आणि तीही बहिरी असल्याचं सोंग छान वठवी. पण हा माणूस टेप घेऊन खांबापासून भिंतीपर्यंत मापत गेला आणि नम्रताच्या कॉम्प्युटरच्या टेबलापाशी येऊन अडला.

"ह्या टेबलाचं काय?" त्याने विचारलं.

"ते निघणार हाय," महिपत म्हणाला. म्हशाच्या जत्रेत विकायला काढलेल्या बैलाबद्दल बोलावं तसं, बैलाच्या डोळ्यांकडे न बघता.

सकुबाईने हातातली डाळिंबी परातीत टाकली.

"भाऊ," ती काचवाल्याला म्हणाली, "माप खुशाल घ्या. पन काच कापू नका."

"वयनी, तुमी यात पडू नका."

"मी कुठं पडले? मी वाल सोलते."

काचवाल्याने एकदा दिराकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे, आणि टेप खळकन गुंडाळून घेतला. शेणव्यात धंदा करायचा तर कोणाच्या घरात कोणाचं ऐकायचं हे माणसाला कळावं लागतं. या घरात ते अजून ठरायचं होतं, एवढं त्याला कळलं. चहासुद्धा न घेता तो गेला.

सकुबाईचा नवरा पंढरी गेल्यापासून घराचा कारभार धाकट्या भावाकडे, महिपतकडे, आला होता. सकुबाईने तो हसतमुखाने सोपवला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर उघड्या अंगाने कैऱ्या पाडत फिरायचा आणि त्याचं नाक पुसायला तीच लागायची. आता त्याला कारभारी म्हणताना तिला आतल्या आत हसू यायचं, तरी ती म्हणायची. शेत त्याने नीट राखलं, बांध कोणाला कोरू दिला नाही. नाव ठेवावं असं त्याचं काही नव्हतंच, एका पडवीवर डोळा ठेवण्याखेरीज.

त्या पडवीत सकुबाईची सून नम्रता बसायची. लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर, वाढदिवसाचे बॅनर, फॉर्मला लावायचे फोटो. किन्हवलीपासून डोळखांबपर्यंतची माणसं तिच्याकडे यायची. पाड्यावरचा मंगळू तर पोरीच्या लग्नाची पत्रिका तिच्याकडूनच करून घ्यायची म्हणून हटून बसला होता, कारण शहापुरातल्या पोरांनी त्याच्या पाड्याचं नाव मागच्या खेपेला भलतंच छापलं होतं. पत्रिका तयार होती. पण ती कॉम्प्युटरच्या पोटात होती, आणि कॉम्प्युटरने मान टाकली होती. चालू केला की जरा वेळ घरघर करायचा, नाव दाखवायचा, आणि मग अचानक सगळा पडदा निळा पडायचा. निळ्यावर पांढरी अक्षरं. पुन्हा बंद, पुन्हा घरघर, पुन्हा निळा. मिरगी आलेलं माणूस शुद्धीवर येऊन पुन्हा पडावं तसं चाललं होतं.

महिपतचा मुलगा दीपेश प्लॉटचा धंदा करायचा. मुंबईची माणसं आणायची, मुरबाड रोडची नाहीतर इकडची जमीन दाखवायची, "इथून माहुलीचा डोंगर दिसतो" म्हणायचं. त्याला ऑफिस हवं होतं. काचेचं दार, आत एसी, बाहेर बोर्ड. पडवी रस्त्यावर होती. आजवर महिपत मागू शकला नव्हता, कारण तिथे चालतं काम होतं. मशीन मेलं तसा त्याला रस्ता मोकळा झाला.

जेवणं झाली तसे सगळे ओटीवर जमले. रविवार असल्याने ओमकार घरी होता. सकुबाईचा हा मुलगा रोज आसनगावहून लोकल धरून ठाण्याला जायचा आणि घरात असला तरी अर्धा गाडीतच असल्यासारखा वागायचा. त्याने सकाळीच जाऊन शहापुरातून शामला आणलं होतं. शाम कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पाठीला बॅग, तोंडात बडीशेप, आणि समोरचा माणूस जे म्हणेल त्याला मान डोलावायची सवय.

"सांग रे," महिपत झोपाळ्यावर बसत म्हणाला. "ह्यात काय जीव उरलाय का? खरं सांग. आमी शेतकरी मानसं, आमाला फसवू नको."

शामने मान डोलावली. "काका, जुनं मशीन हाय. ह्याच्यावर खर्च करन्यापरीस..."

"ऐकलंत?" महिपत सगळ्यांना म्हणाला.

"परवा फोनवर तू वेगळंच बोललास," पडवीच्या दारात उभी असलेली नम्रता म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही. तिचा आवाज मुळातच कधी वर जात नसे, आणि म्हणूनच तो पुरुषांना खुपायचा. "तू बोललास, वहिनी, मशीनला काय झालेलं नाय, विंडोज गेलीय. नवीन मारली की चालेल."

शामने तिच्याकडे बघूनही मान डोलावली. "चालेल. तसं चालेल."

"अरे मग चालेल का नाय चालेल?" दीपेश खेकसला.

"दोन्ही," शाम म्हणाला.

ओमकारला हसू फुटलं. महिपतची बायको असती तर तीही हसली असती. ती जाऊन आता काही वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून महिपतच्या बाजूला बसून त्याला चिमटा काढणारं कोणी राहिलं नव्हतं. सकुबाईला वाटायचं, माणूस वाईट होत नाही, नुसता अडवणारा कोणी उरत नाही.

"बाबा शाम," ती म्हणाली, "हिकडं बस. पानी पी. आनि कोणाच्या तोंडाकडं न बघता सांग. ह्या मशीनला झालाय काय?"

शाम बसला. पाणी प्यायला. मग त्याने परातीतल्या वालांकडे बघत सांगितलं, कारण तिथे कोणाचं तोंड नव्हतं.

"आजी, मशीन चालतं ते आत एक मांडणी असते तिच्यावर. घर कसं खांबांवर, तसं. ती मांडणी मधूनमधून सोताला सुधारून घेते. त्याला अपडेट बोलतात. त्या टायमाला लाइट जाऊन चालत नाय. जुने खांब काढलेले, नवे बसवायचे बाकी, आनि तेवढ्यात काळोख. घर बसनारच. हिच्या मशीनचं तसं झालंय. एकदा नाय, बरेचदा. पुढंपुढं ते सोताला सावरायला लागलं, तेव्हा पन लाइट गेली."

"युपीएस?" ओमकारने विचारलं.

"त्याची बॅटरी गेल्या साली फुगली. मी तुम्हाला बोलले होते," नम्रता म्हणाली. "तुम्ही 'बघू' बोललात."

ओमकारने मान खाली घातली. त्याचं 'बघू' सगळ्या घराला माहीत होतं.

"पन लाइट तर आताशा एवढी जात नाय," शाम भाबडेपणाने म्हणाला. "तुमच्याकडं काय लय जाते का?"

सगळ्यांचे डोळे एकाच भिंतीकडे गेले आणि तिथून हळूच माघारी आले.

ओटीच्या भिंतीवर, महिपतच्या झोपाळ्यामागे, लोखंडी पेटीचा मेन स्विच होता. जुना, काळा, बाजूला दांडा असलेला. घरात नवी वायरिंग झाली, वर स्लॅब घातला, पण तो बदलू द्यायचा नाही असं पंढरीचं सांगणं होतं आणि ते पाळलं गेलं. दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल लागायचं. आभाळ वाजलं की मेन पाडायचा, हा या घराचा नियम. दांडा खाली ओढला की सगळं घर एका दमात गप्प व्हायचं. पंढरीच्या मागे तो दांडा महिपतच्या हाती आला. वैशाखात दुपारनंतर माहुलीच्या डोक्यावर ढग चढतात, नुसते गुरगुरतात, थेंब न टाकता निघून जातात. महिपत गुरगुर ऐकायचा, उठायचा आणि दांडा ओढायचा. पडवीत नम्रता असो नसो.

"म्हंजे माझ्यावर आलं," महिपत म्हणाला.

"तुमाला कोण काय बोललं, काका?" ओमकार घाईने म्हणाला.

"तोंडानं नाय बोललात. डोळ्यानं बोललात समदे. आरं, शेजारच्या गोजरचा टीव्ही इजेनं जळला तो काय सपान होतं? दादानं नियम घालून दिला. माझ्या दादानं! तो मी पाळतो. एका डबड्यापायी मी घराला आग लावून घेऊ? नीट सांगतो, हे दुरुस्त करून फायदा नाय. आज विंडोज घालशील, उद्या परत आभाळ वाजंल, परत मी मेन पाडीन. परत निळं. कशाला मेल्या म्हशीला पेंड चारायची?"

हे बोलणं चोख होतं. शाममध्ये बोलायची हिंमत असती तर त्यानेही हेच सांगितलं असतं. दांडा असाच खाली येत राहिला तर दुरुस्ती म्हणजे पाण्यात काठी मारणं.

"मग वेगळा मीटर घेऊ," ओमकार म्हणाला. "पडवीपुरता. म्हंजे तुमचा तुमी पाडा, तिचं तिचं चालू..."

"ओमकार!"

महिपत उभाच राहिला. झोपाळा मागे जाऊन भिंतीवर आपटला. "वेगळा मीटर म्हंजे काय ते कळतं का तुला? आज मीटर, उद्या चूल, परवा शेताची मोजनी! शेणव्यातली किती घरं अशी फुटली ती मोजून दाखवू? आधी मीटर येतो, मागनं तलाठी."

"काका, मी तसा बोललो नाय."

"तसाच बोललास!"

"बस," सकुबाई म्हणाली. "दोघं पन बसा."

ती तोवर गप्प होती. मुलाचा तिला रागच आला होता. दिराचं खुपतंय म्हणून घराची भिंत पाडायला निघालेलं हे पोर! भांडायचं सोडून बाजूला व्हायचं, ही त्याची जुनी खोड. बापाच्यात ती नव्हती.

"मीटर वेगळा होनार नाय," ती म्हणाली. "त्यात भावजी बोलतात ते खरं."

महिपत सुखावला. दीपेशने बापाकडे बघून हळूच मान हलवली. नम्रताचा चेहरा मात्र उतरला. तिने दाराच्या चौकटीवर टेकलेला हात काढून घेतला. तो हात सकुबाईने पाहिला आणि ती घाईने पुढे म्हणाली, "आनि मशीन दुरुस्त होनार. आत्ताच. शाम, लाग कामाला."

"वयनी!"

"काय?"

"दीपेसच्या धंद्याचं काय? पोरगा काय झाडाखाली बसून प्लॉट इकनार?"

"झाडाखाली बसून लय जनांनी लय काय इकलं. जमीन इकायला काच कशाला लागते? जमीन उघड्यावरच असते."

दीपेश तडकला. "मोठी आई, तुमच्या टायमाचं राहिलं नाय आता. मुंबईचं कस्टमर पडवीत वाल बघायला येत नाय. आनि वहिनीचा धंदा म्हंजे काय? चार बॅनर. हे तर मोबाइलवर पन होतं."

"होतं का?" आतून आवाज आला.

पूजा चहाचे कप घेऊन आली होती. दीपेशची बायको. तिने ट्रे खाली ठेवला, सासऱ्याला आणि नवऱ्याला आधी कप दिले, पदर नीट केला आणि म्हणाली, "मग करा ना. मामांच्या वाढदिवसाचा केलेला ना तुमी मोबाइलवर? मान कापलेली आलती त्यात."

"तू मधी नको बोलू."

"नाय बोलत. नाक्यावर शेवटी लागला तो कोणी केला, एवढं सांगते आनि जाते."

"नम्रतानं केला," महिपत म्हणाला. "मला म्हाईत हाय. चांगला केलेला. मी नाय कुठं म्हनलं?" शेणव्याच्या नाक्यावर आठवडाभर झळकलेला तो बॅनर त्याने उतरवून घेऊन माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. उंदरांनी खाऊ नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला घातला होता. हेही घरात सगळ्यांना माहीत होतं.

"नम्रताताईनं नाय. मी केला," पूजा म्हणाली.

कप तोंडाला लावलेला महिपत तसाच थांबला.

"मागं माहुली ठेवली ती मी. तुमच्या खांद्यावरचं उपरणं मी घातलं, फोटोत नव्हतं ते. आनि मामा..." ती जरा अडखळली, पण सुरू केलंय तर संपवायचंच असं तोंडावर दिसत होतं, "केस पन मीच काळे केलेत."

ओमकारने हसू लपवायला कपात तोंड खुपसलं म्हणून वाचला, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं. शामने मान डोलावली. महिपतचा हात नकळत डोक्यावर गेला, पिकल्या केसांवर.

"तू दुपारची झोपतेस ना?" दीपेश म्हणाला.

"तुमाला वाटतं तसं. तुमी प्लॉट दाखवायला गेलात की मी पडवीत. नम्रताताई शिकवतात. मंगळूच्या पोरीच्या पत्रिकेतला मोर माझाच हाय." तिचा आवाज कापत होता, पण पाय हलले नव्हते. "पडवी तुमाला दिली तर दोन बायका घरात बसतील. एक नाय. तेवढं मोजा. मग काय ते ठरवा."

ती आत गेली नाही. नम्रतापाशी जाऊन उभी राहिली, दाराच्या दुसऱ्या चौकटीला.

सकुबाईला वाटलं, पोरीचं बोट धरून तिला जवळ बसवावं. पण तिने तसं केलं नाही. उभं राहिलेल्याला बसवू नये.

"शाम," ती म्हणाली, "तू अजून हितंच?"

शाम बॅग घेऊन पडवीत गेला. जाताजाता नम्रताला हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमचं काम दुसऱ्या कप्प्यात हाय, ते जानार नाय. पन डिस्क थकलेली हाय. हे चालू असताना लाइट नको जायला. मधीच गेली तर डिस्क बसंल. मग पत्रिका पन गेल्या, समदंच गेलं." हळू बोलला, पण ओटी काही फार मोठी नव्हती. सगळ्यांनी ऐकलं.

पंखा फिरत होता. पडवीतून मशीनची घरघर येत होती आणि सकुबाईला ती ओळखीची वाटली.

त्याच जागी पंढरीची चक्की होती. गावात वीज आली आणि पंढरीने कल्याणहून चक्की आणली, तेव्हा आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन या ओटीवर रांगेने बसायच्या. तांदूळ, नाचणी. गरम नाचणीच्या पिठाचा तो वास, भाजल्या मातीसारखा. पट्ट्याचा आवाज एवढा की माणसं हाताने बोलायची. चक्कीवर सकुबाईच बसायची. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि पंढरी म्हणायचा, माझी बायको एका दिवसात म्हातारी होते आणि रात्री परत तरणी. असलं काही तो सगळ्यांदेखत बोलायचा. लाजच नव्हती माणसाला.

तेव्हाच्या एका वैशाखात आभाळ वाजलं, पंढरीने धावत येऊन मेन पाडला. चक्कीत दाणे होते. दाणे दगडात अडकले, मग वीज आल्यावर मोटार उचलेना, पट्टा जळाला, घरभर रबराचा धूर झाला. त्या दिवसापासून पंढरीने...

सकुबाईचे हात थांबले. तिने डोळे वर करून दांड्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती अर्ध्या नियमाला पुरा नियम समजत आली होती.

तेवढ्यात दूर, माहुलीच्या बाजूला, आभाळ गुरगुरलं.

महिपत उठला. मुद्दाम नाही. कोणाला दाखवायला नाही. देवळासमोरून जाताना हात आपोआप छातीशी जावा तसा उठला, कप खाली ठेवला आणि वळला.

"काका!" पडवीतून नम्रताचा आवाज आला. तो आवाज आज पहिल्यांदा वर गेला होता.

ओमकार अर्धा उठून अर्धा बसला. दीपेशने बापाकडे पाहिलं आणि मग पूजाकडे. आणि सकुबाईने परात उचलली, दोन पावलं सरकली आणि दांड्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून बसली. मांडीवर परात. पुढचा वाल उचलला.

भावजयीच्या डोक्यावरून दिराने हात नेऊ नये. हे कोणी शिकवत नाही, पण या भागात कोणी तसं करतही नाही. महिपत तिच्यासमोर येऊन उभा राहिला, हात अर्धा वर.

"वयनी, सरा."

"सरत नाय."

"आभाळ वाजलं."

"ऐकलं. मी बहिरी नाय."

"दादाचा नियम हाय."

"दादाचा नियम काय होता, भावजी? पुरा सांगा."

"आभाळ वाजलं की मेन पाडायचा."

"आनि पाडायच्या आधी?"

महिपतने दांड्याकडे पाहिलं.

"पाडायच्या आधी हाक मारायचे तुमचे दादा," सकुबाई म्हणाली. "हितं उभं राहून. गाव ऐकंल अशी. 'पाडतो रे!' मग चक्कीवरनं मी बोलायची, 'पाडा!' दाणे काढून झाले असले तर. नसले तर बोलायची, 'थांबा!' आनि थांबायचे. इजा चमकत असायच्या आनि तुमचे दादा दांड्याला हात लावून उभे. मी 'पाडा' बोलल्याबिगर त्यांनी कधी पाडला नाय. आनि आत्याबाईंचं आठवतं?"

त्याला आठवलं, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं. त्याची आई, ताराबाई. तिच्या चुलीपाशी विजेचं काहीच नव्हतं, साधा दिवासुद्धा तिने लावू दिला नव्हता. तरी तिला हाक जायलाच हवी. ती मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावायची. मला इचारल्याबिगर माझ्या घरात काळोख करायचा नाय, म्हणायची.

"आनि माळ्यावरनं सगळ्यात मोठ्यानं कोण बोलायचं?" सकुबाईने विचारलं. "उघड्या अंगाचं एक पोर, कैऱ्यांच्या पेंढ्यात लपलेलं. 'पाड दादा, पाड!' त्याला काय कळत होतं? पन त्याला पन इचारायचे. दांडा तेवढा ठेवलात, भावजी. हाक कुठं टाकलीत?"

पुन्हा गुरगुर झाली, या खेपेला जवळ. माळ्याच्या पत्र्याचं एक टोक थरथरलं.

महिपत हलला नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पंढरीचं नाव घेऊन त्याने इतकी वर्षं तो दांडा ओढला होता आणि आता तेच नाव समोर परात घेऊन बसलं होतं. शेवटी तो भिंतीकडे न बघता, अंगणाकडे तोंड करून, घसा खाकरून म्हणाला, "पाडतो गो."

हाक कसली, पुटपुटणंच.

"ऐकू नाय आलं," सकुबाई म्हणाली.

"पाडतो गो!" महिपत ओरडला. समोरच्या फणसावरचे कावळे उडाले.

"थांबा!" पडवीतून नम्रता ओरडली. "थांबा काका! चालू हाय अजून!"

आणि महिपत थांबला.

हात खाली, पाठ ताठ, अंगणाकडे तोंड. आभाळ काळवंडत चाललं. फांद्या हलायच्या बंद झाल्या. शामचा आवाज येत होता, "होतंय, होतंय, थोडं राहिलंय," आणि मग, "वहिनी, लय जवळ आली हो इज." पूजा मंगळसूत्र मुठीत धरून पडद्याकडे बघत होती. ओमकार एकदाचा उठला, महिपतच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि काहीच बोलला नाही. ते त्याने चांगलं केलं. दीपेश मोबाइलवर काचवाल्याला काहीतरी लिहीत होता. काय लिहिलं ते पुढे कधी कळलं नाही, पण काचवाला परत आला नाही.

वीज चमकली. सगळी ओटी पांढरी झाली. पाठोपाठ आवाज असा फुटला की परातीतले वाल हलले. महिपतचा खांदा दांड्याकडे गेला आणि मधेच अडला. सकुबाईने तो खांदा पाहिला. चुकून त्याने आता ओढला असता तरी तिने त्याला माफ केलं असतं. पण त्याने ओढला नाही.

"आली!" पूजा किंचाळली. "आली आली! निळं नाय! नाव आलं, चित्र आलं, समदं आलं!"

"पत्रिका बघ," नम्रता म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पूजाचा आवाज, आता हळू, "मोर हाय ताई."

नम्रताने मशीन नीट बंद केलं. घाई केली नाही. पडदा काळा झाला, घरघर थांबली, तेव्हा ती ओटीवर आली. कपाळावर घाम होता. ती सासूसमोर उभी राहिली आणि सकुबाई परात घेऊन बाजूला सरकली.

"काका, जरा सरा," नम्रता म्हणाली.

महिपत सरला. का सरला हे त्याला बहुतेक सरल्यावर कळलं.

नम्रताने दांड्याला हात लावला. या घरात बाईने तो दांडा धरलेला सकुबाईने पाहिला नव्हता, तिने स्वतःही नव्हता धरला. नम्रताने मान वर केली आणि घरभर जाईल अशी हाक दिली.

"पाडते गो!"

"पाडा, ताई!" पडवीतून पूजा.

"पाड," ओमकार.

"थांब थांब, चार्जर..." दीपेश धडपडत उठला, मोबाइलची वायर ओढून काढली. "हां. पाड."

"पाडा वहिनी," शामही म्हणाला, त्याचं या घरात काही नसताना.

"पाड गो," सकुबाई म्हणाली.

नम्रता दांडा धरून उभीच. तिचे डोळे महिपतवर होते. तो झोपाळ्याची कडी धरून अंगणाकडे बघत होता. वीज पुन्हा चमकली. कोणी हललं नाही. सकुबाई त्याच्या ताठ मानेकडे बघत राहिली आणि तिला एकाएकी ओळख पटली. आत्याबाई. चुलीपाशी बसून, फुंकणी हातात धरून, सगळ्या घराला थांबवून ठेवणाऱ्या आत्याबाई. पोरगं आईवर गेलं होतं, आणि इतकी वर्षं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काका?" नम्रता म्हणाली. "तुमी नाय बोललात."

महिपतने जितका वेळ घेता येईल तितका घेतला.

"पाड की गो पोरी," तो म्हणाला. "वर ती इज काय माझी वाट बघत थांबलीय?"

नम्रताने दांडा खाली ओढला.